चमचा कपात ठेवला की

अकराला पाच कमी असताना
मी किटली नुसत्या गरम पाण्यानं विसळते.
हे आईचं. किटलीला थंडी वाजली
तर चहा रुसतो, म्हणायची.
आमच्याकडे माणसं रुसली तर चालतं.

मग पानं. माणशी एक चमचा, वर एक किटलीचा.
काळी, बारीक, आसामची,
आमच्यापैकी कुणीही न पाहिलेल्या मळ्यांतली.
पाच मिनिटं.
तेवढ्यात बांधापलीकडचा समुद्रवारा
एकदा दार ढकलून बघतो.

अकरा. एलर्ट येतो.
बूट बाहेर, टोपी खुंटीला,
खुर्ची तीच, खिडकीकडे पाठ असलेली.
नऊ वर्षं माझा आणि माझ्या भावाचा अबोला आहे.
वडिलांची होडी त्यानं विकली,
मला न विचारता, एमडेनच्या एका दंतवैद्याला,
ज्यानं ती निळी रंगवून अंगणात मांडली
आणि तिच्यात जिरेनियम लावली.

अबोला आहे, पण चहा आहे.
चहा इथे कुणी मोडत नाही.
पुराच्या वर्षी, आई सांगायची,
माळ्यावर आधी किटली चढवली, मग मला.

कपाच्या तळाशी खडीसाखरेचा एक खडा.
त्यावर चहा पडला की तो तडकतो,
गोठलेल्या ओढ्यावर
कुणी पहिलं पाऊल टाकावं तसा.
रोज माझ्या स्वयंपाकघरात
बोलतो तो एवढा खडाच.
मग साय, चमच्यानं, कडेकडेनं,
घड्याळाच्या उलट दिशेला. म्हणजे काळ थांबतो म्हणतात.
थांबत नाही. मी करून पाहिलंय.
साय बुडते, आणि ढग होऊन वर येते.

ढवळायचं नाही.
आधी साय, मग कडू, मग अगदी शेवटी गोड.
जो ढवळतो तो परका.
माझा नवरा ढवळायचा. हॅनोवरचा होता.
चांगला होता.

तीन कप हा पाहुण्याचा हक्क.
पुरे झालं की चमचा बशीतून कपात ठेवायचा;
नाही ठेवला, तर ओतत राहणं हा घराचा धर्म.
एलर्टचा चमचा तिसऱ्या कपाला वाजतो: टिण्ण.
मी कप उचलते, तो टोपी.
एवढ्यावर नऊ वर्षं निभावली.

काल तिसरा कप संपला. चमचा बशीतच.
मी चौथा ओतला.
पाचवा. बांधावरच्या मेंढ्या
या टोकाकडून त्या टोकाला गेल्या.
सहाव्याला किटली संपली, दुसरी केली.
त्याच्या कपाळावर घाम, माझ्या मनगटाला कळ.
एकाच आईची दोन गाढवं.
सातव्याला त्यानं एक घोट घेतला,
आणि कालच अर्धं राहिलेलं बोलणं
पुढे न्यावं तसं म्हणाला,
“पानं बदललीस.”

बंदराजवळचं म्हाताऱ्या ओल्टमानचं दुकान बंद झालं.
तोच करायचा वडिलांचं मिश्रण,
कशात किती, ते घेऊन गेला.
तेव्हापासून मी शहरातून पाकीट आणते
आणि जुन्याच हिरव्या डब्यात भरते,
कुणाला कळू नये म्हणून.

“बदलली,” मी म्हटलं.
माझा आवाज किटलीच्या तोटीतून आल्यासारखा वाटला.
“नऊ वर्षं झाली त्याला.”
“माहीत आहे. पहिल्याच दिवशी कळलं.
दुसऱ्या घोटाला.”
“मग बोलला का नाहीस?”

त्यानं कपात पाहिलं.
तळाशी खडा अजून अर्धा शिल्लक होता.
“बोलणार कसा?
अबोला होता ना.”

मग चमचा ठेवला. टिण्ण.
आणि टोपी खुंटीलाच सोडून
सात कप प्यालेला माणूस जिकडे पळतो तिकडे पळाला.
तो येईपर्यंत
मी किटली पुन्हा गरम पाण्यानं विसळली.